डायरेक्टचं इनडायरेक्ट : बारावीच्या अभ्यासातला माझा अनुभव

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी बारावीचा सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरला तेव्हा घरात सगळ्यांना वाटत होतं की मला अर्थशास्त्र जड जाईल, पण अर्थशास्त्र वाचून वाचून लागलं डोक्यात. अडलं ते इंग्रजीत, आणि तिथेही उतारे किंवा पत्रलेखन नाही, डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच, म्हणजे कुणाचं बोलणं अवतरणचिन्हात जसंच्या तसं दिलेलं असतं (डायरेक्ट), ते आपण सांगतोय असं करून लिहायचं (इनडायरेक्ट). बारावीला इंग्रजी सक्तीचं, पेपर ८० मार्कांचा, आणि उताऱ्याखाली जे व्याकरणाचे प्रश्न येतात त्यात हा प्रकार कधी ना कधी येतोच. पुतण्या त्याच वर्षी बारावीला होता, तो म्हणायचा "काकू, सोडा की तेवढं, दोन-एक मार्कांसाठी कशाला डोकं लावता, निबंधात कव्हर करा". पण मला सोडवेना. वाक्य वाचलं की अर्थ कळत होता, उत्तर बघितलं की तेही कळत होतं, फक्त इथून तिथे माणूस जातो कसा ते कुणी सांगत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

पुतण्याच्या क्लासच्या नोट्समध्ये सगळं तक्त्यात होतं. डावीकडे डायरेक्ट, उजवीकडे इनडायरेक्ट. ॲम-इजचं वॉज, विलचं वुड, कॅनचं कुड, हॅवचं हॅड, टुडेचं दॅट डे, टुमॉरोचं द नेक्स्ट डे, हिअरचं देअर, धिसचं दॅट. सर्वनामांसाठी 'सन १२३' हा फॉर्म्युला, म्हणजे प्रथम, द्वितीय, तृतीय पुरुषाला अनुक्रमे एस ओ एन, सब्जेक्ट-ऑब्जेक्ट-नो चेंज. अवतरणचिन्हातला 'आय' बाहेरच्या कर्त्याप्रमाणे बदलायचा, 'यू' बाहेरच्या कर्माप्रमाणे, आणि ही-शी-दे जसेच्या तसे. फॉर्म्युला चांगलाच आहे, मी अजूनही वापरते. पण तक्ता पाठ करून बसलं की दहा वाक्यं सुटतात आणि अकरावं असं येतं की ते कुठल्याच रकान्यात बसत नाही, मग परत तक्त्याकडे, परत वाक्याकडे, असं चालू राहतं.

मला हे खरं समजलं ते आमच्या गल्लीतल्या बाईंमुळे. हायस्कूलला इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या, दुपारी घरीच असायच्या, मी जेवणं आवरून त्यांच्याकडे जायचे. बाईंनी तक्ता बाजूला ठेवायला लावला आणि विचारलं, "तुझ्या सासूबाईंचा गावाकडून फोन येतो ना? मग संध्याकाळी नवऱ्याला काय सांगतेस?" म्हणलं, सांगते की आई असं असं म्हणाल्या. "मग हाच तर धडा आहे, तू रोज करतेस, फक्त मराठीत करतेस."

आमच्याकडे बार्शीला आम्ही राहतो आणि सासूबाई शेतावर. त्यांचे फोन म्हणजे लाईट, पाणी, मोटार, हेच विषय. त्या दिवशी सकाळीच फोन होता, "डीपी जळालीय, वायरमन उद्या येईल म्हणतोय, मी हितंच थांबते". बाईंनी ते वहीत इंग्रजीत लिहायला लावलं. 'द ट्रान्सफॉर्मर हॅज बर्न्ट आउट. द वायरमन विल कम टुमॉरो. आय विल स्टे हिअर.' आणि मग म्हणाल्या आता असं समज की ही गोष्ट तू आठ दिवसांनी, बार्शीत बसून, मला सांगतेयस.

इथे सगळा उलगडा झाला. आठ दिवसांनी सांगताना 'उद्या' कसं चालेल, तो उद्या तर होऊन गेला, म्हणून द नेक्स्ट डे. 'इथे' कसं चालेल, मी बार्शीत आणि थांबल्या त्या शेतावर, म्हणून देअर. 'आय' म्हणलं तर इंग्रजीत मीच थांबले असं होईल, म्हणून शी. डीपी तेव्हा जळालेली होती, आज तर लाईट चालू आहे, म्हणून हॅजचं हॅड, आणि येईलचं वुड. 'शी टोल्ड मी दॅट द ट्रान्सफॉर्मर हॅड बर्न्ट आउट, द वायरमन वुड कम द नेक्स्ट डे अँड शी वुड स्टे देअर.' तक्त्यातला एकेक रकाना इथे आपोआप येऊन बसला, आणि का बसला तेही कळलं. इंग्रजीत सांगणारा माणूस स्वतःच्या जागेवरून, स्वतःच्या वेळेवरून सांगतो, मूळ बोलणाऱ्याच्या जागेवर जाऊन उभा राहत नाही.

आपण मराठीत नेमकं उलटं करतो आणि मला वाटतं मराठी मिडीयमच्या पोरांना हा धडा जड जातो त्याचं मूळ इथे आहे. "आई म्हणाल्या की मी उद्या येते" असं मी ह्यांना सांगते तेव्हा मी म्हणजे कोण हे कुणालाही विचारावं लागत नाही, येणाऱ्या त्या आईच. आपण समोरच्याचं वाक्य आहे तसं उचलतो, पुढे 'की' लावतो नाहीतर मागे 'असं म्हणाल्या' लावतो, झालं काम. काळ तोच, मी तोच. तेच इंग्रजीत सरळ नेलं तर 'शी सेड दॅट आय विल कम टुमॉरो' होतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ही बाई स्वतः येणार आहे, सासूबाई नाही. नोट्समध्ये हे कुठेच लिहिलेलं नसतं, थेट नियम नंबर एकपासून सुरू. हे आधी पाच मिनिटं समजावून सांगितलं तर पुढचं निम्मं पाठांतर वाचेल, हे माझं ठाम मत आहे.

बाई आणखी एक सांगायच्या, की बदल आंधळेपणाने करायचा नाही. सासूबाईंचा फोन सकाळी आला आणि मी त्याच संध्याकाळी सांगतेय तर उद्या हा अजून उद्याच आहे, तिथे खऱ्या बोलण्यात इंग्रजीतही टुमॉरो ठेवतात. पण पेपरात वाक्य कधी बोललं, कुठे बोललं हे दिलेलं नसतं, त्यामुळे तिथे नेहमी नंतर आणि लांबून सांगतोय असं धरून बदलायचं. तसंच बाहेरचं क्रियापद 'सेज' किंवा 'विल से' असेल तर आतला काळ हलवायचा नाही, आणि सूर्य पूर्वेला उगवतो असली कायमची खरी गोष्ट असेल तर टीचर सेड असलं तरी 'द सन रायझेस' तसंच ठेवलेलं चालतं. आतमध्ये साधा भूतकाळ असेल तर हॅड लावून एक पायरी मागे जायचं, 'आय वेंट टू द बँक येस्टरडे' चं 'शी सेड दॅट शी हॅड गॉन टू द बँक द प्रीव्हियस डे'. आधीच हॅड असेल तर त्याच्या मागे जायला जागा नाही, ते तसंच राहतं. कुड, वुड, शुड, माइट हेही तसेच. मस्टचं हॅड टू करतात किंवा मस्ट ठेवतात, दोन्ही दिसतं.

सेड आणि टोल्ड बद्दल एवढंच की टोल्डला कुणाला सांगितलं ते लागतंच. 'शी टोल्ड दॅट' असं लिहून थांबता येत नाही, 'टोल्ड मी', 'टोल्ड हिम' पाहिजे. कुणाला सांगितलं ते माहीत नसेल तर सेड.

प्रश्नार्थक वाक्यांना मी सगळ्यात जास्त वेळ दिला. इथेही सासूबाईच कामाला आल्या, कारण त्यांच्या फोनची सुरुवातच प्रश्नांनी होते, जेवलीस का, पोरं शाळेत गेली का, कधी येणार तुम्ही. बाईंनी सांगितलं आधी बघ उत्तर हो-नाही मध्ये येतंय का. येत असेल तर इफ किंवा व्हेदर. 'हॅव यू ईटन?' म्हणजे 'शी आस्क्ड मी इफ आय हॅड ईटन'. आणि प्रश्नात व्हेन, व्हेअर, व्हाय असा शब्द असेल तर तोच शब्द जोडायचं काम करतो, वेगळं काही लागत नाही. 'व्हेन विल यू कम?' म्हणजे 'शी आस्क्ड मी व्हेन आय वुड कम'. बघण्यासारखी गोष्ट अशी की आय आधी आला आणि वुड नंतर, कारण आता हा प्रश्न राहिलाच नाही, मी नुसती बातमी सांगतेय की असा प्रश्न विचारला होता. म्हणूनच शेवटी प्रश्नचिन्हही नाही, पूर्णविराम. पुतण्याच्या वर्गातली बरीच पोरं इथे 'आस्क्ड मी दॅट व्हेन' लिहायची, आणि ते येतं कुठून तर आपल्या की मधूनच, "तिनं विचारलं की कधी येणार". मराठीत तिथे की सहज येतं, म्हणून हात आपोआप दॅट लिहितो. पुतण्याला मी वहीत आस्क्डच्या पुढे कधी दॅट नाही असं मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं.

आज्ञार्थी वाक्यं मला मनापासून आवडली. त्यात टू लावायचं, डोन्ट असेल तर नॉट टू, हे सोपं आहे, पण बाहेर कुठलं क्रियापद घ्यायचं हे माणूस ओळखून ठरवावं लागतं. 'शट द डोअर' हे फौजदार शिपायाला म्हणाला तर ऑर्डर्ड, आजारी माणूस नर्सला म्हणाला तर रिक्वेस्टेड, डॉक्टर म्हणाले 'टेक रेस्ट' तर ॲडव्हाइज्ड. शब्द तेच, पण कोण कुणाला म्हणतंय त्यावर सगळं. बाई वाक्य सांगायच्या आणि विचारायच्या कोण बोलतंय असं वाटतं तुला, आणि मी सांगायचे सासू, मास्तर, कंडक्टर, आणि त्याप्रमाणे क्रियापद. फॉरबेड घेतलं तर त्यातच नको आलेलं असतं, तिथे परत नॉट लावायचा नाही, 'ही फॉरबेड देम टू एंटर' एवढंच. वाक्यात प्लीज असेल तर रिक्वेस्टेड घ्यायचं आणि प्लीज गाळायचं.

'लेट अस' पण तसाच माणसाकडे बघून सोडवायचा. 'लेट अस गो टू पंढरपूर' याचं पुस्तकी उत्तर 'शी सजेस्टेड दॅट दे शुड गो टू पंढरपूर'. पण म्हणणारीने मलाही धरलं असेल, 'शी सेड टू मी' असेल, तर दे च्या जागी वी येणार. नाहीतर सरळ 'शी सजेस्टेड गोइंग टू पंढरपूर', मग सर्वनामाचा प्रश्नच येत नाही.

उद्गारवाचक मी पटकन उरकलं. आनंद असेल तर एक्सक्लेम्ड विथ जॉय, दुःख असेल तर विथ सॉरो, आणि 'व्हॉट अ ब्युटिफुल साडी इट इज' चं 'इट वॉज अ व्हेरी ब्युटिफुल साडी'. हाउ आणि व्हॉट जाऊन व्हेरी येतं, बाकी विशेष काही नाही. असं इंग्रजी खरं कुणी बोलत असेल असं मला वाटत नाही, पण पेपरात येतं म्हणून करायचं.

सराव कसा केला हे बऱ्याच जणी विचारतात. गाईडमधली वाक्यं तर केलीच, पण सगळ्यात उपयोग झाला वाचनालयातल्या इंग्रजी पेपरचा. बातमी म्हणजे जवळजवळ अख्खं इनडायरेक्ट स्पीच असतं. मंत्री काय म्हणाले, पोलीस काय म्हणाले, वेधशाळेने काय सांगितलं, सगळं 'सेड' लावून, 'द मिनिस्टर सेड द वर्क वुड बिगिन सून' असं. दॅट पण बऱ्याचदा गाळलेला असतो, ते बघून आधी दचकायला होतं, पण चालतं ते. मी अशी वाक्यं वहीत उतरवायचे आणि त्याच्या खाली मंत्री प्रत्यक्ष तोंडाने काय बोलले असतील ते लिहायचे, 'द वर्क विल बिगिन सून'. उलटं करताना कान तयार होतो, आणि हा उलटा प्रकार, इनडायरेक्टचं डायरेक्ट, तो पण विचारतात, त्याचा सराव फार कमी जण करतात.

उलटं करताना सेडच्या पुढे स्वल्पविराम, मग अवतरणचिन्ह, आतलं पहिलं अक्षर कॅपिटल, आणि प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह अवतरणचिन्हाच्या आत. 'ही आस्क्ड हर व्हेदर शी हॅड ब्रॉट हर हॉल टिकीट' असेल तर व्हेदर काढला की कळतं हो-नाहीचा प्रश्न आहे, मग 'ही सेड टू हर, "हॅव यू ब्रॉट युवर हॉल टिकीट?"'. शी ची यू झाली, हर ची युवर झाली, कारण आता परत बोलणाऱ्याच्या जागेवर जाऊन उभं राहायचंय.

आणि एक वाक्य आहे ज्यावर बाई आणि मी एक अख्खी दुपार बोलत बसलो होतो, 'ही टोल्ड हिम दॅट ही हॅड लॉस्ट हिज हॉल टिकीट'. हॉल तिकीट हरवलं कुणाचं? सांगणाऱ्याचं असेल तर आत 'आय हॅव लॉस्ट माय हॉल टिकीट' येईल, ऐकणाऱ्याचं असेल तर 'यू हॅव लॉस्ट युवर हॉल टिकीट'. दोन्ही बरोबर, इंग्रजी वाक्यावरून ठरवताच येत नाही. मराठीत 'तो म्हणाला की माझं हॉल तिकीट हरवलंय' म्हणलं की विषय संपला, इथे आपली पद्धत जास्त स्वच्छ आहे. इंग्रजीत मग माणसांची नावं घालून लिहावं लागतं, रमेशने सुरेशला सांगितलं की रमेशचं हरवलंय, असं. पेपरात असं गोंधळाचं वाक्य आलं आणि वर उताऱ्यात संदर्भ असेल तर आधी उतारा वाचायचा, आणि काहीच संदर्भ नसेल तर बाई म्हणायच्या बोलणाऱ्याचंच धर आणि पुढच्या प्रश्नाला लाग.