फियाट एका दुपारी मिळाली, कागद आठ महिन्यांनी

‘वडिलांची फियाट होती, तिच्या आठवणीत ही घेतली’ अशी गोष्ट माझ्याकडे नाही. आमच्या घरी लूना होती, तीही काकांची. मला फियाटचा चेहरा आवडायचा, बास. त्यातही १९७४ पासूनची ‘पद्मिनी’ नाही, तिच्या आधीची ११०० डिलाइट. पुढची दारं उलटी उघडणारी डुक्कर फियाट त्याहून जुनी, पण ती माझ्या खिशाबाहेरची.

शोध सुरू केला नोव्हेंबर २०२३ मध्ये. आदल्याच महिन्यात मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली होती. माझ्या मिस्त्रींना त्याचं दुःख वेगळ्याच कारणाने झालं. “ताई, टॅक्सी होत्या म्हणून पार्ट मिळत होते. आता कोण बनवणार?” डिलाइट काय आणि पद्मिनी काय, इंजिन तेच १०८९ सीसीचं, त्यामुळे बराचसा माल एकमेकींना चालतो.

पहिली गाडी मुंबईत एका डीलरकडे पाहिली. लालचुटूक, क्रोम चकाचक. मी तर मनातल्या मनात हार घालून मोकळी झाले होते. मिस्त्रींनी खिशातून रुमालात गुंडाळलेला स्पीकरचा लोहचुंबक काढला आणि दाराखालच्या पट्टीला लावला. तो सरळ खाली पडला. चाकावरच्या कमानीला लावला, तिथूनही पडला. “पत्रा कुठाय? ही सगळी पुट्टी.” मग बॉनेट उघडून इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर पाहिला. आरसी बुकात, म्हणजे नोंदणी पुस्तकात एक, ब्लॉकवर भलताच. कधीतरी कुणीतरी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं होतं आणि आरटीओत नोंद केली नव्हती. डीलर म्हणाला, “होऊन जातं मॅडम.” आम्ही चहा घेतला आणि निघालो.

दुसरी वाईला सापडली. १९६८ची, राखाडी, वाड्याच्या देवडीत तेरा वर्षं उभी. मालक वारले होते, काकू एकट्या. पत्र्याला गंज होता पण पत्रा होता, चुंबक घट्ट बसला. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर खालची फरशी दिसली, एवढं एक भोक. इंजिन जाम. मिस्त्रींनी चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचा-चमचा ऑइल सोडलं. दोन दिवसांनी पुली हाताने फिरवून पाहिली तर फिरली. त्याच दुपारी दोन लाख दहा हजारांना व्यवहार ठरला. काकूंनी घासाघीस केली नाही, फक्त म्हणाल्या, “आधी नावाचं बघून घे हो.”

नावाचंच सगळं रामायण झालं.

गाडी अजून वारलेल्या मालकांच्याच नावावर. म्हणजे आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर करायची, मृत्यूचा दाखला आणि मुलांची संमती जोडायची, आणि मगच २९ आणि ३० भरून माझ्या नावावर. वाई साताऱ्याच्या आरटीओत, मी पुण्यात, म्हणून मध्ये फॉर्म २८ची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला. नोंदणीची मुदत संपलेली, त्याचं नूतनीकरण वेगळं. पर्यावरण कर वेगळा. हे सगळं मी वहीत लिहून काढलं आणि वाटलं, झालं, आता टिक करत जायचं.

पण आरसी बुक हाताने लिहिलेलं, नंबर जुना तीन अक्षरी. संगणकात ही गाडी नव्हतीच. तिची आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या बुकावरून संगणकात नोंद व्हायला हवी. त्या अर्जाला चालू विमा लागतो, असं खिडकीवर सांगितलं. विमा कंपनीत गेले तर तिथला संगणक म्हणतो, असा नंबर अस्तित्वात नाही. या दोन खिडक्यांमध्ये माझे सात आठवडे गेले. शेवटी निवृत्तीला आलेल्या एका विमा अधिकाऱ्यांनी बुकातले इंजिन आणि चासी (गाडीच्या सांगाड्याचा) नंबर घालून थर्ड पार्टी पॉलिसी काढून दिली. त्यांचीही पहिली गाडी फियाटच, त्यामुळे तासभर गप्पा झाल्या त्या वेगळ्या.

मग तपासणी. गाडी टो करून नेली. चासी नंबरची पेन्सिल प्रिंट हवी होती: नंबरावर पातळ कागद ठेवायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची, की आकडे उमटतात. आमच्या नंबरावर रंगाचे तीन थर होते. मिस्त्रींनी रॉकेलचं फडकं आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन नखाएवढ्या जागेवर पाऊण तास काम केलं, जोर लावला तर आकडाच जाईल म्हणून. प्रिंट आली आणि शेवटून दुसरा आकडा ३ की ८ ते कळेना. बुकातली शाईही नेमकी तिथेच फिकी. इन्स्पेक्टर साहेबांनी टॉर्च तिरका धरला, सावलीत आकड्याची डावी बाजू उघडी दिसली. तीन. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

एका एजंटाने मध्येच सुचवलं होतं, “विंटेजमध्ये टाका ना.” २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, पहिल्या नोंदणीला २० हजार. पण मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर आणता येते. मला तिच्यातून भाजी आणायची होती. मी साधं पाच वर्षांचं नूतनीकरण घेतलं, तेव्हा पाच हजारांत. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते दहा हजार झालं, म्हणजे त्या बाबतीत तरी मी वेळेत होते.

जूनमध्ये वाईहून गाडी स्वतः चालवत आणली. गिअर स्टिअरिंगवर, डाव्या हाताला. तिसरा टाकताना प्रत्येक वेळी वायपरचं बटण शोधल्यासारखं वाटायचं. खंबाटकीचा बोगदा पार होईपर्यंत तापमानाचा काटा मी रस्त्यापेक्षा जास्त पाहिला. शिरवळला बॉनेट उघडून थांबलो, चहा झाला, तेवढ्यात चार जणांनी किंमत विचारली.

महिन्याभराने पोस्टाने आरसीचं स्मार्ट कार्ड आलं. नाव बरोबर, पत्ता बरोबर, चासी नंबरात ३. इंधनाच्या रकान्यात डिझेल.

सोमवारी पुन्हा खिडकी.