बाळंतपणाच्या रजेत साठलेली रजा

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी हिशेबाचं काम करते. बाळाची तारीख २० जुलै २०२४ होती. १ जुलैपासून दोन आठवडे हक्काची पगारी रजा घ्यायची आणि १५ जुलैपासून बाळंतपणाची रजा सुरू करायची, असं मी ठरवलं होतं. दोन्ही रजा मंजूर होत्या. मिडवाइफनं दिलेला मॅट-बी-वन फॉर्मही, म्हणजे गरोदरपणाचा आणि अपेक्षित तारखेचा दाखलाही, मार्चमध्येच ऑफिसात पोचला होता.

शुक्रवारी, २८ जूनला सकाळी पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं. रक्तदाब वाढल्याचं निघालं. मी फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं आणि पडून राहिले. त्या फोनचा परिणाम काय होणार, हे मला ठाऊक नव्हतं. प्रसूतीच्या अपेक्षित आठवड्याआधीच्या चार आठवड्यांत गरोदरपणाशी संबंधित दुखण्यामुळे एक दिवस जरी कामावर गेलं नाही, तरी बाळंतपणाची रजा दुसऱ्या दिवसापासून आपोआप सुरू होते. माझी २९ जूनला सुरू झाली. मंजूर झालेले ते दहा दिवस घेताच आले नाहीत, कारण बाळंतपणाच्या रजेवर असताना हक्काची रजा घेता येत नाही.

मुलगी सुखरूप झाली. पुढचे तीन महिने रजा-बिजा काही डोक्यात नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये एचआरचं सर्वांना पाठवलेलं पत्र आलं. आमचं रजेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. उरलेली रजा ३१ डिसेंबरपर्यंत संपवा, नाहीतर लॅप्स होईल, असं त्यात होतं. मी माझ्या दहा दिवसांचं विचारलं. उत्तर आलं की तुम्ही आधीच रजेवर आहात, त्यामुळे जुने दिवस वर्षाअखेरीला जातील, आणि बँक हॉलिडेचा, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्टीचा, प्रश्नच येत नाही, त्या दिवशी तुम्ही घरीच असता.

ते वाचून मला फार लागलं. रात्री दोन-दोन तासांनी उठणाऱ्या बाईला ‘तुम्ही घरीच असता’ म्हणणं हे नुसतं चुकीचं नव्हतं, त्यात बाळंतपण म्हणजे सुट्टी हा समज होता. कायदा तसं मानत नाही. बाळंतपणाची रजा वेगळ्या कारणासाठी आहे आणि वर्षाची विश्रांतीची रजा वेगळ्या. एकीनं दुसरी खाऊन टाकायची नाही.

नोकरीतल्या हक्कांविषयी सल्ला देणारी अकास नावाची संस्था आहे, तिच्या मोफत हेल्पलाइनला मी फोन केला. मुलगी खांद्यावर, कागद मांडीवर. पलीकडच्या बाईंनी घाई न करता सगळं सांगितलं. बाळंतपणाची रजा ५२ आठवड्यांपर्यंत घेता येते, आणि त्या संपूर्ण काळात हक्काची रजा साठत राहते. पगार मिळत नसलेल्या शेवटच्या महिन्यांतसुद्धा. आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला किमान ५.६ आठवडे, म्हणजे २८ दिवस पगारी रजा मिळायलाच हवी. माझ्या करारात २० दिवस अधिक ८ बँक हॉलिडे, म्हणजे बरोबर तेवढीच. त्यामुळे बाळंतपणाच्या रजेत पडलेला बँक हॉलिडे बुडत नाही, त्याच्या बदल्यात दिवस द्यावा लागतो. आणि बाळंतपणामुळे घेता न आलेली ही रजा पुढच्या वर्षात नेता येते. १ जानेवारी २०२४ पासून हे नियमांमध्येच स्पष्ट लिहिलेलं आहे.

त्या रात्री मी आणि नवऱ्यानं तक्ता मांडला. २०२४ मध्ये मी नऊ दिवस घेतले होते, उरले अकरा. त्यात ऑगस्टचा एक आणि नाताळचे दोन बँक हॉलिडे. चौदा दिवस! जवळजवळ तीन आठवड्यांचा पूर्ण पगार डिसेंबरअखेर गुपचूप नाहीसा होणार होता.

मी मेल लिहिला, शांतपणे. तक्ता जोडला, नियम काय म्हणतो ते दोन ओळींत लिहिलं, आणि चौदा दिवस २०२५ मध्ये टाकल्याचं लेखी कळवा म्हणून मागितलं. आधी उत्तर आलं की त्या दिवसांचे पैसेच देऊन टाकतो. घरात तेव्हा पैशाची चणचण होती, मोह झाला. पण नोकरी चालू असताना या किमान रजेच्या बदल्यात पैसे देता येत नाहीत, ते फक्त नोकरी सोडताना. मी नको म्हटलं. पुढच्या आठवड्यात चौदा दिवस मान्य झाल्याचं पत्र आलं.

मग परतण्याचा विचार. सरकारी नियमानं बाळंतपणाचे पैसे ३९ आठवडे मिळतात: पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के, पुढचे ३३ आठवडे त्या वर्षीच्या दरानं आठवड्याला १८४.०३ पौंड किंवा ९० टक्के, जे कमी असेल ते. माझे ३९ आठवडे २८ मार्च २०२५ ला संपत होते. त्यानंतरचे तेरा आठवडे बिनपगारी. एवढे दिवस बिनपगारी काढणं आम्हाला शक्य नव्हतं, आणि मुलीला मार्चअखेर पाळणाघरात ठेवायला मन तयार नव्हतं. साठलेली रजा इथे कामी आली. बाळंतपणाची रजा २८ मार्चला संपवायची आणि लगेच सोमवारपासून हक्काची रजा सुरू करायची. या रजेचा पगार नेहमीचा, पूर्ण.

ठरल्यापेक्षा लवकर परतायचं तर आठ आठवडे आधी कळवावं लागतं, म्हणून जानेवारीच्या शेवटी पत्र दिलं. रजेच्या तारखांना कंपनीची संमतीही लागते. ती याच पत्रात मागितली, आणि मिळाली. मागचे चौदा, १ जानेवारीच्या बँक हॉलिडेचा एक आणि नव्या वर्षातले आठ, असे तेवीस दिवस. मध्ये ईस्टरचे दोन आणि मेचा पहिला बँक हॉलिडे आला. ३१ मार्चपासून ५ मेपर्यंत मी पूर्ण पगारावर घरी होते. एखादीला पूर्ण ५२ आठवडे हवे असतील तर हीच रजा त्यांच्या शेवटी जोडता येते, आणि तोवर ती आणखी साठलेली असते.

गरोदर मैत्रिणींना मी आता एकच कळकळीनं सांगते: रजेचं वर्ष कधी संपतं ते आधी विचारा, आणि उरलेले दिवस पुढे नेल्याचं लेखी घ्या, तोंडी नको.

६ मेला मी कामावर गेले. नव्या वर्षातले बारा दिवस शिल्लक होते. त्यातले आठ मी जूनअखेरपर्यंत दर शुक्रवारी घेतले, म्हणजे पाळणाघराची सवय होईपर्यंत मुलीला आठवड्यातले चारच दिवस माझ्यावाचून काढावे लागले. पहिल्या शुक्रवारी ती दुपारी माझ्या पोटावर झोपली आणि दोन तास हलली नाही. उरलेले चार दिवस डिसेंबरसाठी ठेवले आहेत.