घांघरिया ते हेमकुंड: उभ्या चढाची वारी

नांदेडच्या माणसाला हेमकुंड साहिब परके वाटत नाही. ज्या गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली आमच्या गावी गोदावरीकाठी देह ठेवला, त्यांनी पूर्वजन्मी सात शिखरांच्या सान्निध्यात तप केले, असे त्यांच्या नावे असलेल्या दसम ग्रंथातील ‘बचित्तर नाटक’ ही रचना सांगते. ते स्थान म्हणजे उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील हेमकुंडाचे सरोवर, अशी शीख भाविकांची श्रद्धा आहे. आमच्या घरी आषाढी वारी पिढीजात आहे. तरीही नांदेडच्या सचखंड गुरुद्वाराच्या लंगरात लहानपणापासून जेवलेल्या मला ही वारीही घडावी, अशी फार इच्छा होती आणि ती ऑगस्टअखेरीस पूर्ण झाली.

घांघरिया हे पायथ्याचे मुक्कामाचे गाव सुमारे ३,०५० मीटर उंचीवर आहे, तर सरोवर चार हजार मीटरच्याही वर. मधली वाट अवघी सहा किलोमीटरची. म्हणजे जवळजवळ प्रत्येक पाऊल चढाचेच. पंढरीच्या वाटेवर शीण दिवसागणिक साठत जातो, येथे तो पहिल्या वळणालाच गाठतो. वर मुक्काम करता येत नसल्याने सगळे पहाटेच निघतात. झाडे मागे पडली की हवेचा विरळपणा छातीला जाणवू लागतो, आणि भरभर पुढे गेलेली तरुण मुले कठड्याला टेकून बसलेली दिसू लागतात. माझ्यापुढे एक वृद्ध सरदारजी काठी टेकत चालले होते. एका पावलाला ‘वाहे’, दुसऱ्याला ‘गुरू’, असा त्यांचा संथ जप चालला होता आणि श्वास कोठेही तुटत नव्हता. मी ‘विठ्ठल, विठ्ठल’ म्हणत त्याच लयीत पाऊल टाकू लागलो, तेव्हा कोठे माझी धाप बसली. दिंडीत टाळ जे काम करतात, तेच येथे नाम करते, याची मला त्या चढावर खात्री पटली.

विसाव्याला त्यांनी गाव विचारले. नांदेड म्हणताच त्यांनी ‘हजूर साहिब!’ हे आमच्या गुरुद्वाराचे नाव घेऊन माझे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले आणि भक्त नामदेवांविषयी बोलू लागले. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतली कितीतरी त्यांना मुखोद्गत होती. आपल्या शिंपीकुळातल्या संताची वाणी पंजाबातला शेतकरी नित्यपाठात म्हणतो, हे मला ठाऊक होते, पण त्यांच्या तोंडून ती ऐकताना कंठ दाटून आला.

शेवटी खेचरांची वाट वळसा घेते आणि पायी जाणाऱ्यांसाठी हजाराहून अधिक दगडी पायऱ्यांचा सरळ चढ उरतो. त्याच्या दोन्ही अंगांना कपारींत ब्रह्मकमळे उमलली होती. फिकट हिरवट, कागदासारखी पातळ पाने आत मिटलेली, आणि त्यांच्या पोटात जांभळट फुलांचा गुच्छ. ही बाहेरची पानेच पाकळ्या वाटतात. ही फुले तोडू नयेत.

सरोवराचे पाणी बर्फाचे. डुबकी मारताच अंग बधिर होते, म्हणून लोक नाम घेत झटपट बाहेर येतात. येथे १९३० च्या दशकात लहानसा गुरुद्वारा उभा राहिला. आजची वास्तू मोठी आहे. काठावर लक्ष्मणाचे मंदिरही आहे आणि भ्यूंडार खोऱ्यातील गावकरी या तीर्थाला लोकपाल म्हणून पूजतात. दोन्हीकडे माथा टेकून मी लंगरात बसलो. सेवादार प्रत्येकाच्या हाती गरम खिचडी आणि चहा देत होते. हे सगळे सामान त्याच वाटेने वर येते, हे आठवून मी ताटात शीतही उरू दिले नाही. दुपार कलण्याआधी सेवादारांनी सर्वांना उतरण्याची विनंती केली, आणि आम्ही चढणाऱ्यांना आतल्या बाजूची वाट देत, ‘वाहेगुरू जी’ म्हणत खाली निघालो.