तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, तुम्ही संशोधक ना? मग इन्स्टावर स्वतःचे फोटो कशाला टाकता?" सोसायटीतल्या काकूंपासून विभागातल्या ज्येष्ठ सरांपर्यंत सगळ्यांचं हे विचारून झालंय. सरांच्या सुरात 'कामं नाहीत वाटतं' हेही असतं.

मी मातीतल्या जिवाणूंवर काम करते. आधी मीही फक्त मायक्रोस्कोपखालचे फोटो टाकायचे. ते आईला आवडायचे. मग एका शनिवारी इन्क्युबेटर उघडला, तर जिवाणू वाढवायला ठेवलेल्या, तीन आठवडे जपलेल्या प्लेट्सवर हिरवीगार बुरशी. सगळ्या कंटॅमिनेट! त्या हातात धरून, विस्कटल्या केसांनी, रडवेल्या तोंडाचा फोटो टाकला. रात्रभर प्रश्न येत राहिले. बुरशी शिरली कुठून? आता कचऱ्यात टाकणार? (नाही हो, आधी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करायचं.) जिवाणूंच्या देखण्या फोटोखाली असं कधी कुणी विचारलं नव्हतं.

२०१९ साली 'प्लॉस वन' या संशोधनपत्रिकेत या सेल्फी प्रकरणावरच एक शोधनिबंध आला. नुसती उपकरणं दाखवणाऱ्यांपेक्षा चेहरा दाखवणारे वैज्ञानिक अमेरिकेतल्या लोकांना जास्त आपलेसे वाटले आणि म्हणून हुशारीत कमी काही वाटले नाहीत. सरांना तो पाठवला. "आमच्या वेळी असलं नव्हतं," म्हणाले. नव्हतं कसं? सही मागायला आलेल्या मुलांना नारळीकर सर सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. माझ्या मते ते इन्स्टाच होतं, फक्त टपाल खात्याचं.

भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. २०२२ मध्ये एतिएन क्लाइन या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी सॉसेजची चकती ट्विटरवर टाकली आणि जेम्स वेब दुर्बिणीनं टिपलेला प्रॉक्झिमा सेंटॉरी तारा म्हणून सांगितलं. होती चेष्टाच, पण अनेकांना ती खरी वाटली आणि क्लाइन यांना माफी मागावी लागली. आपल्या नावावर लोक सॉसेजसुद्धा तारा म्हणून घेतात, हे कळल्यापासून मी जपून असते.

परवाच नाशिककडच्या एका बागायतदारांचा मेसेज आला: "ताई, द्राक्षावर भुरी आलीय, काय मारू?" भुरी म्हणजे बुरशी, आणि बुरशीशी माझी ओळख त्या शनिवारपुरतीच. ठोकून दिलं असतं तर त्यांनी फवारलंही असतं. लिहिलं, "दादा, हा माझा विषय नाही, कृषी विज्ञान केंद्रात विचारा."

"बरं," त्यांचं उत्तर आलं. "पण त्या प्लेटांचं पुढं काय झालं?"