पावसाळ्यात कान्हेरीला जाताय? आधी पाणी समजून घ्या

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बारमाही धबधबा नाही. तिथल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांच्या डोंगरावरून कोसळतं ते निव्वळ पावसाचं पाणी, त्यामुळे चार दिवस उघडीप पडली की धारा बारीक होतात. रात्रभर पाऊस झालाय आणि सकाळी जरा थांबलाय, असा दिवस गाठा. फक्त सोमवार नको, त्या दिवशी उद्यान बंद असतं.

बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरून चालत जाता येतं. मेट्रो ७ चं राष्ट्रीय उद्यान स्थानक तर फाटकाजवळच आहे. तिथून लेणी सहा-सात किलोमीटर आत. पायी गेलात तर दीड तास धरा, नाहीतर आतल्या बसने जा. लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं, ते वेगळं काढावं लागतं. उद्यानातलीच शिलोंड्याची जंगलातली पायवाट करायची असेल तर आधी परवानगी काढा आणि वाटाड्यासोबतच जा.

इथे शंभरावर लेणी आहेत. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात, फोटो काढतात आणि परततात. तसं करू नका, नाल्याच्या कडेने वर चढा. लेण्यांच्या दर्शनी भागावर आणि माथ्यावर खडकात खोदलेल्या पन्हळी दिसतील. छतावरचं पाणी त्यातून वाहत येऊन बाजूच्या पोढीत, म्हणजे खडकातल्या टाक्यात पडतं. पावसाच्या चार महिन्यांत साठवलेल्या पाण्यावर भिक्षूंचं उरलेलं वर्ष निघायचं. भर पावसात या पन्हळी आजही वाहताना दिसतात, आणि कान्हेरी पावसातच बघावी असं मी म्हणतो ते यासाठी.

पण पोढ्या भरणारा हाच उघडा कातळ नाल्याला धोकादायक करतो. तो पाणी फारसं मुरू देत नाही. वर जोराची सर आली की खाली घोट्याएवढं असलेलं पाणी बघता बघता गुडघ्यावर येतं, आणि वरचा पाऊस खालून दिसत नाही. पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला किंवा आवाज वाढला की लगेच बाहेर पडा. बाहेर पडायचं ते परतीच्या वाटेच्या काठावर, नाहीतर पलीकडे अडकून बसाल. धबधब्याखालच्या डोहात उतरूच नका, दगडांमधल्या खोल कपारी पाण्याखाली दिसत नाहीत.

पाय घसरतो तो बहुधा उतरताना. काळपट हिरवं, चकाकणारं शेवाळ टाळा आणि खरबरीत, कोरड्या रंगाच्या दगडावर पूर्ण तळवा टेका. झिजलेल्या पायऱ्या आडव्या पावलांनी उतरा. गुळगुळीत तळाच्या चपला घरीच ठेवा, खाचांचा रबरी तळ असलेले बूट घाला.

खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं ती ओढतात, तेव्हा सगळं पाठीवरच्या बंद सॅकमध्ये असू द्या. हे बिबट्यांचं जंगल आहे. अंधार पडायच्या आत निघा, मुलांना पुढे पळू देऊ नका आणि परतीची शेवटची बस किती वाजता सुटते ते बसमधून उतरतानाच विचारून ठेवा.