बोमाँट : आयातशुल्काने घडवलेली गाडी

मसल कार, म्हणजे मध्यम आकाराच्या सांगाड्यात मोठे, ताकदवान इंजिन बसवलेली गाडी, म्हटले की मस्टँग, कॅमॅरो, जीटीओ ही अमेरिकी नावे चटकन ओठांवर येतात. कॅनडाचे नाव सहसा कोणी घेत नाही. ऑन्टारिओत उन्हाळ्यात भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांना मी आवर्जून जातो आणि तिथे माझे पाय हटकून वळतात ते बोमाँटकडे. सीमेपलीकडून आलेले शौकीन बहुधा तिला ‘नाव बदललेली शेवेल’ (शेव्हरोलेची एक मध्यम आकाराची गाडी) म्हणून मोडीत काढतात. सांगाड्यापुरते ते खरेही आहे. पण ती तशी का झाली हे जाणून घेतले, की ही गाडी कॅनडाखेरीज अन्यत्र जन्मूच शकली नसती हे पटते.

१९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत तयार झालेली गाडी कॅनडात आणायची, तर साडेसतरा टक्के आयातशुल्क भरावे लागे. देशाची बाजारपेठ लहान असल्यामुळे अमेरिकेतले प्रत्येक मॉडेल इथे वेगळे बनवणेही परवडणारे नव्हते. दुसरीकडे, पॉन्टियाक आणि ब्यूक विकणाऱ्या विक्रेत्यांना शेव्हरोलेवाल्यांच्या तोडीस तोड, सामान्य गिऱ्हाइकाला झेपेल अशी गाडी हवी होती. तेव्हा जनरल मोटर्सच्या कॅनडातील कंपनीने शेव्हरोलेचा सांगाडा आणि इंजिन घेऊन त्यावर पॉन्टियाकच्या वळणाचा साज चढवला. १९६२ मध्ये अकेडियन आली, १९६४ मध्ये शेवेलवर बेतलेली अकेडियन बोमाँट आली, आणि १९६६ पासून बोमाँट हे स्वतंत्र नाव झाले.

त्याच वर्षीची एसडी-३९६ (एसडी म्हणजे ‘स्पोर्ट डीलक्स’) ही माझ्या मते या घराण्यातली सर्वांत देखणी गाडी. समोरची जाळी पॉन्टियाकसारखी दुभंगलेली, बिल्ल्यावर मेपलचे पान, दार उघडून आत बसावे तर डॅशबोर्ड पॉन्टियाक टेम्पेस्टचा, आणि बॉनेट उचलावे तर खाली शेव्हरोलेचे ३९६ घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेसहा लिटरचे, व्ही-८ इंजिन. तापण्याआधी ते काहीसे अडखळत चालते, त्या ठेक्यावर बाहेरचा आरसा थरथरतो आणि कच्च्या पेट्रोलचा वास आसपासच्या लोकांच्या कपड्यांत बसतो. ३२५ अश्वशक्तीपासून पुढे मिळणारी ही ताकद सरळ रस्त्यावरच शोभते. वळणावर मात्र गाडी फारशी शहाणी नाही, आणि त्या काळचे ड्रम ब्रेक पाहता तिला भरधाव सोडणाऱ्यांचे धाडस मोठेच म्हणायचे.

जानेवारी १९६५ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान लेस्टर पिअर्सन आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमध्ये वाहन करारावर सह्या केल्या आणि वाहन कंपन्यांसाठी दोन्ही देशांतली शुल्काची भिंत पडली. जनरल मोटर्सच्या ऑन्टारिओतील ऑशावाच्या कारखान्याला त्यामुळे अमेरिकेची बाजारपेठ खुली झाली; पण ज्या अडचणीतून बोमाँट जन्मली, ती अडचणच उरली नाही. १९६९ चे मॉडेल अखेरचे ठरले आणि पुढच्या वर्षी तिच्या जागी सरळ पॉन्टियाक लमान्स उभी राहिली.

उरलेल्या गाड्यांचा घास हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाने घेतला. मागच्या चाकांवरच्या कमानी आणि डिकीचा तळ आधी कुजतो, म्हणून जाणकार गिऱ्हाईक रंगाची चकाकी पाहण्याआधी गुडघ्यांवर बसून खालचा पत्रा चाचपतो. मात्र एका बाबतीत कॅनडातील मालक भाग्यवान आहेत. जनरल मोटर्सच्या इथल्या कंपनीने जुन्या उत्पादनाच्या नोंदी जपल्या, त्यामुळे गाडीच्या क्रमांकावरून ती कारखान्यातून कोणत्या इंजिनासह आणि कोणत्या साजासह बाहेर पडली याचे कागद मिळवता येतात. अमेरिकेतल्या त्याच काळच्या शेव्हरोले मालकांना ही सोय बहुधा नाही. साध्या बोमाँटवर पट्टे आणि बिल्ले लावून तिला एसडी-३९६ म्हणून खपवणारे बहाद्दर आजही भेटतात. त्यांच्याकडे हे कागद मागितले, की बोलणे एकदम हवापाण्यावर येते.