यमाताराजभानसलगं आणि झटका मशीन

आमच्या गावात लाईन गेली की सगळं गाव कपाळाला हात लावतं, आणि मी दोन-दोन पायऱ्या चढत माडीवर पळतो. गावात बल्ब, टीव्हीचे डबे, मोबाइलचे चार्जर आणि विहिरींवरचे स्टार्टर मिळून माझ्या हौशी रेडिओच्या पट्ट्यात, ७ मेगाहर्ट्झवर, जी खरखर करतात, ती दिवसभर थ्रेशरसारखी चालू असते. लाईन गेली की ती एकदम खाली बसते. मग कानाला हेडफोन लावून अंधारात बसायचं. खालून बायकोचा आवाज येतो, "मेणबत्ती तं लावून द्या जाताजाता!" पण तोवर मी गेलेला असतो.

एक आवाज मात्र लाईन गेल्यावरही बंद होत नाही. टक्. टक्. टक्. शेजारच्या वावरातली झटका मशीन. रोही आणि रानडुकरं तुरीत घुसू नयेत म्हणून ती कुंपणाच्या तारेत साधारण सेकंदाला एक झटका सोडते. बॅटरी सोलरवर चालते, त्यामुळे लाईन असली काय नि नसली काय. प्रत्येक झटक्याबरोबर ती माझ्या रेडिओलाही एक चिमटा काढते. आता मोर्स, म्हणजे टिंबं-रेघांची तारेची भाषा; तिच्यात एकटं टिंब म्हणजे ई हे अक्षर. म्हणजे आमच्या शिवारातून रात्रभर कोणीतरी ई, ई, ई असं पाठवत असतं.

हे मला कळायला लागलं तेव्हा मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. ३१ वर्षं मराठी शिकवलं. रेडिओचं वेड लावलं ते माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं. तालुक्याला त्याचं मोटर बांधायचं दुकान आहे. जळालेल्या पंपांच्या ढिगाऱ्यात बसून हा पोरगा माइकवर कुठल्या कुठल्या गावांशी बोलायचा. "सर, परीक्षा देऊन टाका," म्हणाला. हौशी रेडिओचा परवाना आपल्याकडे दोन प्रकारचा. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, जनरलला लागतं, मिनिटाला ८ शब्द. जगानं मोर्सची सक्ती सोडायला २००३ साली मोकळीक दिली, बऱ्याच देशांनी सोडलीही. मीही सोप्या वाटेनं गेलो असतो. पण त्या पोरानं भिंतीवर टिंबं-रेघांचा तक्ता लावला होता, आणि तो बघता बघता मला घाम फुटला. आनंदानं.

तुम्ही शाळेत वृत्तं शिकला असाल तर आठवा. यमाताराजभानसलगं. लघू आणि गुरू, तिनातिनांचा एक गण, असे आठ गण. लघूला टिंब म्हणा, गुरूला रेघ. यमाता म्हणजे ल गा गा, म्हणजे टिंब रेघ रेघ. तक्त्यावर ते डब्ल्यू. मातारा, तीन रेघा, ओ. ताराज जी, राजभा के, जभान आर, भानस डी, नसल एस, सलगं यू. तीन खुणांची मोर्समध्ये आठच अक्षरं आहेत आणि आपले गणही आठच. एक जास्त नाही, एक कमी नाही. (दोन खुणांना तीन जागी मांडायच्या रीती आठच असतात, हे गणिताच्या मास्तरांनी मला नंतर सांगितलं. त्यांचा स्वभावच तसा आहे.)

त्या आठवड्यात मी शाळेतली सगळी वृत्तं मोर्समध्ये उतरवली. मालिनी निघाली एसएसओडब्ल्यूडब्ल्यू. भुजंगप्रयातात चार य, म्हणजे डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू. माझी आजी दिवेलागणीला भुजंगप्रयातातले श्लोक म्हणायची. बिचारी जन्मभर वेबसाइटचा पत्ता म्हणत होती, वर एक डब्ल्यू जास्तच. आणि मग एका रात्री सापडलं ते असं की मी बायकोला उठवलं. एसओएस, बुडत्या जहाजाची हाक. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. ललल, गागागा, ललल. न गण, म गण, न गण. नमन!

"अवो, जगातली मदतीची हाक म्हणजे नमन आहे!"

ती झोपेतच म्हणाली, "मंग? देवाले नमन म्हणजे दुसरं काय असते?" आणि कूस वळवली. बर्लिनच्या परिषदेत १९०६ साली हा संकेत ठरला तेव्हा तिथल्या कुणाला हे सुचलं नसेल.

एवढा दारूगोळा घेऊन मी शिकायला बसलो आणि सपशेल आपटलो. मोर्सचा वेग मोजायला पॅरिस हा नमुना शब्द घेतात. शब्दापुढची विश्रांती धरून त्याच्या भरतात ५० मात्रा. टिंबाची एक, रेघेच्या तीन, अक्षरातल्या खुणांमध्ये एकेक, दोन अक्षरांमध्ये तीन आणि दोन शब्दांमध्ये सात मात्रांची यती. (इथं यतीलाही मात्रा असतात, हे मला फार आवडलं.) ८ शब्द म्हणजे मिनिटाला ४०० मात्रा. मला वाटलं, ३१ वर्षं मात्राच मोजल्या आहेत, होऊन जाईल. पण कानात डा-डि-डा आलं की माझी स्वारी निघायची. गालगा. म्हणजे राजभा. म्हणजे र गण. म्हणजे के. तोवर पुढची दोन अक्षरं वाऱ्यावर गेलेली. शिवाय आपला गुरू दोन मात्रांचा आणि यांची रेघ तीन मात्रांची, त्यामुळे माझा हातही रेघ आखूड ओढायचा.

पोरगा चार दिवस गप्प बसला. पाचव्या दिवशी म्हणाला, "सर, राग नका येऊ देऊ. तुम्ही कान वापरून नाई राहिले, डोकं वापरून राहिले."

विद्यार्थ्याकडून असं ऐकायला बरं वाटत नाही. पण मग त्यानं कॉख नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाची पद्धत सांगितली. यानं १९३० च्या दशकात तारायंत्रवाल्यांवर प्रयोग केले होते. हळू सुरू करून वेग वाढवायचा नाही. पहिल्या दिवसापासून अक्षर वेगातच ऐकायचं, इतक्या वेगात की टिंबं मोजताच येऊ नयेत. पण अक्षरं मात्र दोनच. शंभरातली नव्वद बरोबर आली की तिसरं. सुरुवात बहुधा के आणि एमपासून करतात. तक्ता बघायचा नाही. त्यानं भिंतीवरचा तक्ता माझ्यासमोर फाडला, मागच्या कोऱ्या बाजूवर कुणाच्या तरी मोटारीचा हिशोब लिहायला घेतला.

मी मोबाइलवर के आणि एम लावून सकाळी वावरात जायला लागलो. पहिला पंधरवडा वाया गेला असंच वाटलं. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, काय टिकटिक ऐकता म्हणून. म्हटलं, तारेची भाषा आहे काकू. त्यांचा चेहराच उतरला. "कोण गेलं बाप्पा?" आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण काकूंच्या लेखी तार आली म्हणजे कोणीतरी गेलंच.

फरक पडला तो भजनाच्या रात्री. सामुदायिक प्रार्थना झाली, भजन रंगलं, आणि मी खंजिरीवाल्याच्या बोटांकडे बघत बसलो. तो शाळा फारशी शिकलेला नाही, पण पाठीमागून कोणी हाक मारली तरी ठेका सुटत नाही त्याचा. नंतर विचारलं, मनात मोजतोस का रे? तो हसला. "मोजलं तं हात चुकते ना, गुरुजी." दुसऱ्या दिवशी सकाळी पऱ्हाटीच्या धुऱ्यावरून जाताना कानात काहीतरी वाजलं आणि मला नुसतं 'के' ऐकू आलं. रेघ नाही, टिंब नाही, कुठला गण नाही. के. मी धुऱ्यावर उभा राहिलो. सालदारानं दुरून विचारलं, काटा मोडला काय?

मग सगळीकडेच मोर्स वाजायला लागलं. एसटीचा ड्रायव्हर फाट्यावर पोंपोंऽ करून ए म्हणायचा. उन्हाळ्यात तांबट पक्षी कडुनिंबावरून टुक-टुक-टुक करतो, तो झटका मशीनचाच भाऊ. घरातल्या कुकरबद्दल मी बोलणं सोडून दिलं, कारण एकदा त्याच्या शिट्ट्यांचं अक्षर लावण्यात वरण करपलं.

सामान आमच्या ऐपतीचं. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा लाकडी फळीवर ठोकला, खाली एक स्क्रू, झाली मोर्स ठोकायची कळ तयार. ७ मेगाहर्ट्झचा, ५ वॅटचा छोटा सेट पोरानं किटमधून जोडून दिला. त्याला १२ व्होल्टची बॅटरी लागते, ती फवारणी पंपाची काढली. फवारणीचे दिवस आले की ती परत पंपात जाते आणि माझा छंद बंद पडतो. अँटेना म्हणजे वीस मीटर तार, मधोमध कापून दोन्हीकडे दहा-दहा, कडुनिंबापासून टाकीपर्यंत. जळालेल्या मोटारीचीच तांब्याची तार वापरली. ती वानरांनी तीनदा तोडली. चौथ्यांदा मी ती फांद्यांच्या खालून नेली, तेव्हा वानरांचा सगळा रस गेला.

परीक्षा नागपूरला दिली. मोर्सचा पेपर पहिल्या मिनिटात हातातून सुटत होता, मग सावरला. परवाना यायला वेळ लागला, तो लागतोच.

पहिली भेट जानेवारीतली. संध्याकाळची लाईन गेलेली. अंधार पडला की आकाशात खूप उंचावरच्या आयनांबराचा सगळ्यात खालचा थर विरतो आणि ७ मेगाहर्ट्झ दूरवर पोचायला लागतं. मी सीक्यू ठोकलं, म्हणजे आहे का कोणी. तीनदा ठोकलं. मग खरखरीतून माझंच कॉलसाइन परत आलं. कोणीतरी, कुठेतरी, माझं नाव घेत होतं. हात असा कापायला लागला की ब्लेड आपोआपच वाजू लागलं. मी कसंबसं क्यूआरएस पाठवलं, हळू पाठवा. तो हळू झाला. बंगळुरूचा होता. मोर्समध्ये चुकलं की आठ टिंबं देऊन दुरुस्ती करतात. त्या रात्री मी इतकी टिंबं दिली की झटका मशीन लाजली असती.

नमस्कार पाठवायचं ठरवलं होतं, रोमनमध्ये, कारण हवेत तीच चालते. त्या एका शब्दात तीनदा ए येतो, आणि ए म्हणजे टिंब-रेघ. सांगतात की मोर्सचे सहकारी वेल यांनी छापखान्यातले खिळे मोजले, आणि इंग्रजीत सगळ्यात जास्त लागणाऱ्या ईला एकच टिंब दिलं. आमच्याकडचा छापखाना बघितला असता तर ए एका टिंबात सुटला असता आणि माझा नमस्कार लवकर आटोपला असता.

शेवटी त्यानं ७३ पाठवलं. जुन्या तारबाबूंचा निरोप, शुभेच्छा. सात म्हणजे दोन रेघा तीन टिंबं, तीन म्हणजे तीन टिंबं दोन रेघा. सुलट वाचा, उलट वाचा, सारखंच. असा सुंदर विलोम मला पाठ्यपुस्तकात कधी मिळाला नाही. मीही ७३ दिलं. मग त्यानं दोन टिंबं दिली, डि डि, दार लोटून घेतल्यासारखी. ही मोर्सवाल्यांची रीत आहे. मीही दोन दिली, डि डि, आणि हात काढून घेतला.

तो गेला. खाली लाईन आली नव्हती, बायकोनं मेणबत्ती लावली होती. हेडफोनमध्ये शेजारच्या वावरातून निरोप चालूच होता. ई. ई. ई. ई.